आप्पांची चाल

चालण्यात शिकण्यासारखे काय आहे, असे मला लहानपणी कोणी विचारले असते, तर मी हसलो असतो. धावावे, उड्या माराव्यात, झाडावर चढावे. चालणे काय, म्हातारी माणसेही चालतातच, असे माझे त्या वेळचे मत होते. आणि असे मत होण्याचे कारण घरातच होते. माझे वडील पोस्टमन होते.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. सातारा हे चढउतारांचे गाव. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ते पसरले आहे, आणि किल्ल्याच्या बाजूला जावे तसतसे त्याचे रस्ते अधिकाधिक चढे होत जातात. आप्पांचा टपालाचा बटवडा नेमका त्याच बाजूच्या आळ्यांतून असे. खांद्याला पिशवी, अंगात खाकी गणवेश, पायांत जाड चपला. सपाटीवर ते एका लयीत चालत. चढावर ती लय किंचित मंद होई, पण तुटत नसे. ऊन असो, पाऊस असो, सकाळी निघालेले आप्पा दुपारी अडीच-तीन वाजता घरी येत, तेव्हाही त्यांची चाल सकाळच्यासारखीच असे. ते कधी धावले आहेत, असे मी पाहिले नव्हते. ते कधी मध्येच थांबून धापा टाकीत आहेत, असेही पाहिले नव्हते. परंतु ही दुसरी गोष्ट त्या वयात माझ्या ध्यानात आली नाही.

१९७४ साली मी सातवीत होतो. त्या वर्षी शाळेच्या क्रीडास्पर्धांत शंभर मीटरच्या शर्यतीत मी पहिला आलो आणि मला एक चकचकीत पेला मिळाला. त्या दिवसापासून मी जमिनीवर चालेनासा झालो. वाण्याकडे जायचे तरी धावत, विहिरीवर जायचे तरी धावत. एकदा मधल्या सुट्टीत आप्पा शाळेत टपाल द्यायला आले. फाटकापासून कचेरीपर्यंत ते आपल्या नेहमीच्या चालीने चालले होते. माझा एक मित्र म्हणाला, “अरे, तुझ्या वडिलांच्या हाती आमंत्रणाचे पत्र पडले, तर लग्न होऊन बारसेदेखील उरकायचे!” सगळे हसले. मीही हसलो. ते हसणे आप्पांनी ऐकले की नाही, हे पुढे कित्येक वर्षे मला कळले नाही. मला मात्र ते अजून ऐकू येते.

पुढच्या रविवारी आप्पा म्हणाले, “चल, मंगळाईच्या दर्शनाला जाऊन येऊ.” मंगळाईचे देऊळ अजिंक्यताऱ्यावर आहे, आणि किल्ला शहरापासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. आठवड्यातून एक सुट्टी मिळते, तीही चालण्यात घालवायची, याचे मला नवल वाटले. पण मनात निराळाच बेत होता. पायथ्याशी येताच मी म्हटले, “आप्पा, मी पुढे जाऊन किल्ल्याच्या दरवाजात थांबतो. तुम्ही या सावकाश.” ‘सावकाश’ हा शब्द मी जरा ठासूनच उच्चारला असावा.

मी धावत सुटलो. पहिला चढ कसा सरला, हे कळलेही नाही. मागे वळून पाहिले, तो आप्पा खाली अंगठ्याएवढे दिसत होते. दुसऱ्या वळणावर पोटऱ्यांना कोणी दगड बांधले आहेत, असे वाटू लागले. मग मांड्यांत आग होऊ लागली. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती, तरी हवा पुरेना. तिसऱ्या वळणावर वाटेच्या कडेला एक मोठा दगड होता. त्यावर मी बसलो, तो बसलोच. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि दरवाजा अजून फार वर होता.

थोड्या वेळाने आप्पा आले. गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या एका बाईंच्या घरची विचारपूस करीत ते चढत होते, आणि त्यांचे एकही वाक्य मध्ये तुटत नव्हते. मला वाटले, आता ते हसणार. हसण्याचा त्यांना अधिकारच होता. पण ते हसले नाहीत. ते माझ्याजवळ बसले. पिशवीतून गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. माझी धाप ओसरल्यावर ते म्हणाले, “आता माझ्याबरोबर चल. एक ध्यानात ठेव. चढावर बोलता येईल इतकेच चालावे. बोलणे तुटू लागले, की समजावे, आपण उसने घेऊ लागलो.”

उसने? कोणाकडून आणि काय? मी विचारले नाही. विचारण्याइतका मानी मी उरलो नव्हतो. आम्ही बोलत बोलत चढलो, आणि आश्चर्य असे की, दरवाजा केव्हा आला हे मला समजले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत शास्त्र शिकविणाऱ्या गुरुजींना मी सारी हकीकत सांगितली. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “अरे, तुझ्या वडिलांनी एका वाक्यात जे सांगितले, ते शोधून काढायला शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे लागली.” मग त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: शिल्लक, उसनवारी आणि पगार. त्या दिवशीचा तो तास मी विसरलेलो नाही. त्यांनी जे सांगितले, त्यात पुढे वाचलेल्या काही गोष्टींची भर घालून ते मी येथे देतो.

आपण बोट हलविले तरी स्नायूला शक्ती खर्चावी लागते. ही शक्ती भाकरीतून, भातातून, तेलातुपातून येते हे खरे. पण भाकरी देऊन जसे आगगाडीचे तिकीट मिळत नाही, तसा स्नायूही भाकरी थेट स्वीकारीत नाही. त्याला चलनी नाणे लागते. या नाण्याचे नाव ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, थोडक्यात एटीपी. जर्मनीत कार्ल लोमान यांनी १९२९ साली हा पदार्थ शोधून काढला. गंमत अशी की, हे नाणे शरीर साठवून ठेवीत नाही. कोणत्याही एका क्षणी मोठ्या माणसाच्या अंगात ते फक्त काही तोळे असते, आणि जोराने धावू लागल्यास स्नायूंतील साठा दोन-तीन सेकंदांतच संपून जाईल इतका थोडा असतो. मग आपण पडत का नाही? कारण खर्च झालेले नाणे शरीर लगेच पुन्हा घडविते. एकच नाणे दिवसातून शेकडो वेळा मोडते आणि पुन्हा घडते. नाणे घडविण्याच्या तीन वाटा आहेत. व्यायाम कोणता, यावर शरीर त्यांतील कोणत्या वाटेवर अधिक भर देईल, हे ठरते.

पहिली वाट शिल्लकेची. स्नायूंत क्रिएटिन फॉस्फेट नावाचा एक पदार्थ थोडासा साठविलेला असतो. तो मोडून क्षणार्धात नवे एटीपी तयार होते. त्याला प्राणवायूची वाट पाहावी लागत नाही. घरातील फडताळावर डब्यात ठेवलेल्या सुट्या पैशांसारखा हा साठा आहे. हात घातला की पैसे मिळतात, पण डबा लवकर रिकामा होतो. सर्व जोर लावून धावल्यास ही शिल्लक सुमारे दहा सेकंद पुरते. उंच उडी, गोळाफेक, खोखोतील झेप, वजन एकदम डोक्यावर उचलणे, ही सारी कामे या डब्यावर चालतात. माझी शंभर मीटरची शर्यत पंधरा सेकंदांच्या आत संपत असे. मी पेला जिंकला, तो मुख्यतः या डब्याच्या बळावर. आणि त्या डब्यालाच मी माझी सारी संपत्ती समजून बसलो होतो.

दुसरी वाट उसनवारीची. डबा रिकामा होऊ लागला आणि काम मात्र जोराचेच राहिले, की स्नायू आपल्यातील साखर घाईघाईने अर्धवट फोडतो. या कामालाही प्राणवायू लागत नाही. नाणी भराभर मिळतात, पण व्यवहार तोट्याचा असतो. ग्लुकोजचा एक रेणू अशा रीतीने फोडला, तर हाती दोनच नाणी येतात. तोच रेणू प्राणवायूच्या साहाय्याने पुरता जाळला, तर सुमारे तीस येतात. शिवाय अर्धवट फोडलेल्या साखरेतून लॅक्टिक आम्ल तयार होते, स्नायूंतील आम्लता वाढते, आणखीही काही पदार्थ साचतात, आणि स्नायूंची आग होऊ लागते. चारशे मीटरच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर धावपटूचे पाय जड होतात, ते यामुळेच. अजिंक्यताऱ्याच्या दुसऱ्या वळणावर माझ्या मांड्यांत पेटली, ती आग हीच.

तिसरी वाट पगाराची. आपण श्वास घेतो, फुप्फुसे रक्ताला प्राणवायू देतात, हृदय ते रक्त स्नायूंकडे पाठविते, आणि तेथे पेशींच्या आत तंतुकणिका नावाच्या अतिसूक्ष्म भट्ट्यांमध्ये साखर व चरबी सावकाश, पुरतेपणी जळतात. ही वाट सुरू होऊन वेग घेण्यास मिनिट-दोन मिनिटे लागतात. म्हणून कोणताही व्यायाम आरंभी जड वाटतो आणि मग अंग मोकळे होते. एकदा वेग आला, की ही वाट तासन् तास चालू राहते. पगार एकदम डोळे दिपवीत नाही, पण घर चालते ते पगारावरच. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाला मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू लागतो. तोच माणूस जोराने धावू लागला, की ती गरज दहा-बारा पटींनी वाढू शकते. स्वस्थ असताना मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलणारे हृदय त्या वेळी २० लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त ढकलते.

या तीन वाटा एकीनंतर एक उघडतात, असे मात्र समजू नये. तिन्ही सदैव उघड्याच असतात. फक्त प्रमाण बदलते. ज्या वेगाने चालताना पगारात सहज भागते, त्या वेगात माणूस बोलू शकतो. वेग वाढला, पगार अपुरा पडला, की शरीर उसनवारीकडे अधिक वळते, श्वास जोराने होऊ लागतो आणि वाक्ये तुटतात. आप्पांना एटीपी हा शब्द ठाऊक नव्हता; पण आपला पगार कोठे संपतो आणि उसने कोठे सुरू होते, ती सीमारेषा त्यांच्या पायांना नेमकी ठाऊक होती.

‘उसने’ हा शब्द शास्त्रज्ञांनाही सुचला होता, हे मला पुढे वाचनात आढळले. इंग्लंडमधील आर्किबाल्ड हिल आणि जर्मनीतील ओटो मायरहोफ यांना स्नायूंवरील संशोधनाबद्दल १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिल यांनी मँचेस्टर येथे पाठीवर हवेची पिशवी बांधून स्वतः मैदानात धावून पाहिले. पिशवीत साठलेल्या उच्छ्‌वासाची परीक्षा करून त्यांनी शरीराने किती प्राणवायू घेतला, हे मोजले. धावणे थांबल्यावरही माणूस बराच वेळ धापा टाकीत राहतो. जणू आधी केलेले कर्ज तो फेडीत असतो. हिल यांनी याला प्राणवायूचे ऋण असे नाव दिले. पुढील संशोधनाने या चित्रात काही दुरुस्त्या केल्या. धापेचे कारण केवळ लॅक्टिक आम्ल नव्हे. रिकामा झालेला डबा पुन्हा भरणे, तापलेले अंग निवविणे, अशी अनेक कामे तेव्हा चालू असतात. लॅक्टिक आम्लातून येणारा लॅक्टेट हा पदार्थही टाकाऊ नव्हे. हृदय आणि इतर स्नायू तो इंधन म्हणून वापरतात, आणि यकृत त्यापासून पुन्हा साखर बनविते. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात, तेही या आम्लामुळे नाही. ते तर तास-दीड तासात निघून गेलेले असते. दुखणे असते ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीकसारीक इजांचे, आणि त्या चढण्यापेक्षा उतरण्याने अधिक होतात. किल्ल्यावरून आल्यानंतर दोन दिवस मला जिने उतरवत नव्हते, त्याचे कारण हे होते.

आता इंधनाचा विचार करू. शरीर साखर साठविते ती ग्लायकोजेनच्या रूपाने. मोठ्या माणसाच्या स्नायूंत ती सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम असते. म्हणजे सारी मिळून अर्धा किलो. चरबी मात्र सडपातळ माणसाच्या अंगीही कित्येक किलो असते. आणि एक ग्रॅम साखरेतून ४ किलोकॅलरी शक्ती मिळते, तर एक ग्रॅम चरबीतून ९. साखर हे चटकन पेटणारे काटक्यांचे जळण आहे, चरबी हा सावकाश जळणारा बाभळीचा ओंडका आहे. आरामात चालताना ओंडका अधिक जळतो आणि काटक्या शिल्लक राहतात. वेग वाढवावा तसतसा काटक्यांचा खर्च वाढतो. मॅरेथॉनची शर्यत ४२.१९५ किलोमीटरची असते. तीत अनेक धावपटूंचे पाय सुमारे ३० किलोमीटरनंतर एकाएकी शिशासारखे जड होतात, कारण काटक्यांचा साठा संपत आलेला असतो. ज्याने आरंभी हात राखून खर्च केला, तो शेवटपर्यंत जातो. सकाळी भाकरी-पिठले खाऊन निघालेले आप्पा दुपारपर्यंत चढउतार करीत, तरी थकत नसत, यातील रहस्य हेच.

मात्र यावरून चालणेच श्रेष्ठ आणि धावणे कनिष्ठ, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. माझा एक वर्गमित्र तालमीत जात असे. तो रोज जोर-बैठका मारी, लाल मातीत घाम गाळी. किल्ल्यावर तो आमच्यापेक्षा हळू चढे. पण शाळेतील धान्याचे पोते आम्हां दोघांना हलत नसे, ते तो एकटा उचली. शरीराची एक मोठी मौज आहे. त्याच्याकडून जे काम वारंवार मागावे, त्या कामाची तयारी ते करून ठेवते. जड वजन उचलणाऱ्याचे स्नायूतंतू जाड होतात. दूर चालणाऱ्याच्या किंवा धावणाऱ्याच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि तंतुकणिकांच्या भट्ट्या वाढतात. अमेरिकेतील जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे फिरत्या पट्ट्यावर धावावयास लावले आणि त्यांच्या स्नायूंतील या भट्ट्यांची क्षमता पुष्कळ वाढलेली त्यांना आढळली. हे संशोधन १९६७ साली प्रसिद्ध झाले. कुस्तीसारख्या खेळात तर तिन्ही वाटांची कसोटी लागते. डावाची झेप शिल्लकेवर, रेटारेटी उसनवारीवर, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत टिकून राहणे पगारावर. आमच्याच जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. अशा मल्लाच्या अंगी या तिन्ही वाटा किती रुंद झाल्या असतील, याची कल्पना करावी.

तुमच्या वयाच्या मुलांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोठ्या माणसांच्या मानाने मुलांचे स्नायू उसनवारीवर कमी आणि प्राणवायूवर अधिक विसंबून असतात. म्हणून मुले जोराने धावतात, धापा टाकतात आणि थोड्याच वेळात पुन्हा धावू लागतात. मोठ्यांना ते जमत नाही. तिसऱ्या वळणावरून मी इतक्या लवकर उठू शकलो, तो काही माझा पराक्रम नव्हता. ते वयाचे देणे होते.

या गोष्टीचा उत्तरार्ध अजून सांगावयाचा आहे. आप्पा १९८८ साली निवृत्त झाले. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि ते म्हणाले, “झाले. आता बसायचे.” आम्हां सर्वांना ते योग्यच वाटले. ज्याने तीस वर्षे गाव पायांखाली घातले, त्याने बसू नये तर कोणी बसावे? आप्पा ओसरीवर बसू लागले. वर्तमानपत्र वाचीत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत, दुपारी झोपत. तीन वर्षांनी त्यांना सारखी तहान लागू लागली आणि थकवा येऊ लागला. रक्त तपासले, तेव्हा मधुमेह असल्याचे समजले.

आप्पा खचले. दुखण्यापेक्षा त्यांना एक निराळीच गोष्ट सलत होती. ते मला म्हणाले, “मी जन्मभर चाललो. ते सगळे कोठे गेले? काहीच का साठले नाही?” मला उत्तर सुचेना. ते उत्तर डॉक्टरांनी दिले. ते म्हणाले, “आप्पा, चालण्याचे पुण्य पेटीत घालून ठेवता येत नाही. तुमच्या पायांनी जे कमावले, ते रोजच्या चालण्याने टिकून होते. चालणे थांबल्यावर शरीराला वाटले, आता याची गरज नाही, आणि त्याने भट्ट्या कमी केल्या. पण शरीर जसे विसरते, तसे ते पुन्हा शिकतेही.”

मधुमेह एकाच कारणाने होत नाही. घराण्याचा वारसा, वय, आहार, अंगावरील चरबी, अशी अनेक कारणे त्यामागे असतात. बसून राहणे हे त्यांपैकी एक. आपण जेवलो, की रक्तातील साखर वाढते. इन्शुलिन नावाचा पदार्थ किल्लीसारखे काम करून स्नायूंची दारे उघडतो आणि साखर आत घेतली जाते. आप्पांना झालेल्या प्रकारच्या मधुमेहात ही किल्ली नीट लागत नाही. परंतु काम करणाऱ्या स्नायूला आणखी एक युक्ती येते. तो आकुंचन पावू लागला, की इन्शुलिनची वाट न पाहता आतूनच दाराची कडी काढतो आणि रक्तातील साखर ओढून घेतो. चालणे संपल्यावरही पुढे काही तास, कधी एक-दोन दिवसदेखील, किल्ली अधिक चांगली लागते. म्हणून डॉक्टरांनी औषध दिले, आहार आखून दिला, आणि रोज चालावयास सांगितले. लंडनचे डॉक्टर जेरेमी मॉरिस यांच्याविषयीही मी त्यांच्याकडूनच प्रथम ऐकले. मॉरिस यांचे संशोधन १९५३ साली प्रसिद्ध झाले. दुमजली बसगाड्यांत दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यांना आढळले होते. टपालखात्यातही त्यांनी तसेच पाहिले. बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा पत्रे वाटीत फिरणाऱ्या पोस्टमनांची हृदये अधिक निरोगी होती. हे ऐकून आप्पांच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू आले. ते म्हणाले, “म्हणजे सरकारने पगाराशिवाय आणखीही काही दिले होते म्हणायचे!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे बाहेर पडलो. ज्या आळीतून आप्पा तीस वर्षे पिशवी घेऊन चढले, त्या आळीच्या निम्म्यावर ते थांबले. त्यांना धाप लागली होती. भिंतीला हात टेकून ते उभे राहिले आणि ओशाळून माझ्याकडे पाहू लागले. त्या क्षणी मला अजिंक्यताऱ्याचे तिसरे वळण आठवले. मी म्हटले, “आप्पा, धाप ओसरू द्या. मग माझ्याबरोबर चला. बोलता येईल इतकेच चालायचे.” त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले, पण ते काही बोलले नाहीत.

पहिल्या आठवड्यात आम्ही दहा मिनिटे चाललो, मग पंधरा, मग अर्धा तास. आळीच्या टोकापर्यंत पोचायला दीड महिना लागला. रक्तातील साखर हळूहळू आटोक्यात आली. औषध चालूच राहिले, पण डॉक्टरांनी मात्रा कमी केली. चालीतील ती जुनी लय पुरती परत आली, असे मी म्हणणार नाही. तथापि तिची ओळख पटू लागली.

वर्षभराने एका रविवारी आप्पाच म्हणाले, “चल, मंगळाईला जाऊन येऊ.” आम्ही पहाटे निघालो आणि सावकाश चढलो. तिसऱ्या वळणावर तो दगड अजून होता. आप्पा त्यावर बसले. त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढले. या वेळी गूळ नव्हता. खाली सातारा उन्हात उजळत होते. माझ्या मनात वीस वर्षे जवळ जवळ जे साचले होते, ते मी बोलून टाकले. शाळेतील ती मधली सुट्टी, मित्राची ती थट्टा, आणि माझे ते हसणे.

आप्पा शेंगदाणे सोलीत होते. मान वर न करता ते म्हणाले, “ऐकले होते मी. म्हणून तर पुढच्या रविवारी तुला येथे आणले.”

मग ते उठले. “चल,” ते म्हणाले, “ऊन वाढेल.” आम्ही चालू लागलो. ते अर्धे पाऊल पुढे होते, मी अर्धे पाऊल मागे. इकडच्या तिकडच्या पुष्कळ गोष्टी निघाल्या, आणि दरवाजा येईपर्यंत आम्हां दोघांचेही एकही वाक्य तुटले नाही.